दुपारचा पहारा

त्या दिवशी दुपारी देवळात कोण कोण होतं ते आधी सांगते. म्हणजे मंग कोणी म्हणाले नको का बुढी आपल्या मनचं सांगून राह्यली.

मी होती. माह्या पोरीचा बाप होता, गळ्यात वीणा घालून उभा. सप्त्याचे कीर्तनकार महाराज होते, ते मागच्या खोलीत पंख्याखाली पडले होते. एक म्हातारा टाळकरी होता, लकव्यानं त्याची एक बाजू गेल्ती, खांबाले टेकून बसे. अंजनगावचा मंडपवाला होता, मुसलमान माणूस, भोंग्याची वायर जोडाले आल्ता, तो पायरीखाली उभा होता. आन माही पोरगी होती. देवळासमोर आमचा अ‍ॅपे उभा होता, त्याच्यात ती आडवी पडली होती. एवढेच. देव आतमंधी होता, त्याले मी मोजत नाई.

मी चौथी शिकली. माहं माहेर अकोल्याकडचं, सासर अंजनगावच्या पलीकडं. चार एकर काळं वावर. जोडीले पोरीच्या बापानं जुना अ‍ॅपे घेतला होता, त्याच्यात लोकाइचा माल बाजारले नेऊन टाके.

आमच्या गावात श्रावणात सप्ता बसते. सात दिवस, रात न दिवस, देवळात नाम चालू राह्यलं पाह्यजे आन वीणा उभ्या माणसाच्या गळ्यात पाह्यजे. तीन-तीन तासाचा एकेकाचा पहारा. दुसरा माणूस येते, दोघं एकमेकाच्या पाया पडतात, मंग वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. भुईले टेकवाची नाई. तोंडातलं नाम थांबवाचं नाई. बाईनं तर हातच लावाचा नाई.

एका वर्षी माह्या सासऱ्याले पहाऱ्यावर डुलकी लागली आन वीणा खाली पडली. तिची तार तुटली नाई, भोपळा फुटला नाई. पण त्या वर्षी पाण्यानं दडी मारली. दुसऱ्या वर्षी बोंडात अळी पडली. तिसऱ्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी लाल होऊन उभ्या उभ्या वाळली. गाव म्हणे हे त्या वीणेचं हाय. तसं तर अख्ख्या वऱ्हाडातच तेच चालू होतं, माह्या माहेरीही तेच. आता माह्या सासऱ्याच्या हातची वीणा अकोल्यापर्यंत कशी काय पडली होती? पण गावाले कोणी तरी एक लागते. त्या दिवसापासून सासरा देवळात चढला नाई. लोकं चपला जथी काढतात तथी बसे. मरेपर्यंत तथीच बसला.

पोरीच्या बापानं ते सगळं डोळ्यानं पाह्यलं होतं. त्याच्या पोटात सारखी आग पडे, झोप नसे, जेवता जेवता ताट सरकवून दे. नऊ वर्षं तो गावाच्या हातापाया पडला का एक पहारा आमच्या घराले द्या. नवव्या वर्षी देला. दुपारचा, बारा ते तीन. तो कोणालेच नको असते.

पण त्या वर्षी तो बदलला, हे मी खोटं कसं सांगू? पहारा भेटला तसा माणूस निवला. पोटाची आग गेली. रातच्याले घोरे. महाराज कीर्तनात सांगत का नाम घेतलं का मन शांत होते, मन शांत झालं का आंगही निरोगी राह्यते. मी बायाइत बसून ऐके आन म्हणे, हो बाप्पा, माह्या घरी झालं तसं.

त्याच सप्त्याचा तिसरा दिवस होता. आभाळ वांझ, वारा बंद, पऱ्हाटीवर अळी चढून राह्यली होती. मजूर भेटत नव्हता. फवारा उद्यावर टाकला असता तर अळीनं पातं ठेवलं नसतं. पोरीच्या बापाचा बारा वाजताचा पहारा. तो सकाळपासून सोवळा झाला, औषधाले हात लावाले तयार नाई. म्हणे, तीन वाजता येतो मंग मारतो. पोरगी हासली. एकोणीस वर्षाची होती, तोंडाची लय तिखट. म्हणे, "बाबा, तुमी वीणा धरा, मी पंप धरते. पाहू कोणाचा देव पावते."

बापालेही हासू आलं. म्हणे, जिभीले हाड नाई इच्या.

पंप मी तिच्या पाठीवर चढवला. पट्टे मीच आवळले. मी विहिरीवरून पाणी आणून देत होती, ती मारत होती. पंपाचं झाकण गळत होतं. तिची पाठ कमरेपर्यंत ओली झाली. मी पाह्यलं ते. तिनं एक वेळा म्हटलंही, माय, चुरचुर करते वं. मी म्हटलं, चार ओळी राह्यल्या, आटपून घे.

त्या चार ओळी तिनं आटपल्या. मंग वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसली आन ओकली. तोंडातून लाळ सुटली, थांबेच ना. बाहीखाली आंगातलं मांस बारीक बारीक उडून राह्यलं होतं. डोळ्यातली काळी बाहुली अशी झाली होती का मोहरीचा दाणा. शेजारच्या वावरात बैलबंडी उभी होती, तिच्यात घातलं न मीच हाकलत गावात आणलं. गावात माणूस नव्हता. सगळे वावरात, अळी कोणाले थांबते? दुसरी एक गाडी होती गावात, ती सप्त्याच्या भंडाऱ्याचा किराणा आणाले गेल्ती. राह्यला आमचा अ‍ॅपे, देवळासमोर उभा. आन तो चालवता येणारा माणूस वीणा घेऊन आत उभा.

मंडपवाला एसटीनं आल्ता, त्याले गाडी चालवता येत नव्हती. त्यानं आन मी मिळून तिले बंडीतून अ‍ॅपेत टाकलं. मी देवळात पळाली. दोन वाजले होते. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून ठाऊक हाय.

पोरीचा बाप रामकृष्ण हरी म्हणून राह्यला होता, भोंगा चालू होता, त्याचा आवाज साऱ्या शिवारात. मी सांगतलं, पोरीले फवारा लागला, अंजनगावले नेलं पाह्यजे, चला. त्यानं ऐकलं. डोळे मोठे झाले त्याचे. पण तोंड थांबलं नाई. रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. मान हलवली, नाई म्हणून.

मी म्हटलं, वीणा माह्यापाशी द्या. हात पुढं केला. तो मागं सरला, जसा पिसाळलेल्या कुत्र्यापासून माणूस सरते. खांबापासचा म्हातारा बोलला, त्याच्या वाकड्या तोंडानं, का बाईच्या गळ्यात वीणा गेली म्हणजे उद्या गड्यानं पाळणा हालवाचा काय. त्याले उभं राहता आलं असतं तर त्याच्याच गळ्यात टाकली असती.

मंडपवाला पायरीखालून म्हणे, "काका, माह्यापाशी द्या. मी खाली नाई टेकवत, खुदाकसम. तुमी पोरीले घेऊन जा." पोरीच्या बापानं त्याच्याकडं पाह्यलंही नाई.

मी मागच्या खोलीत गेली. महाराज जेवून पडले होते, डोळ्यावर उपरणं. मी पाय धरले. म्हटलं, महाराज, तुमी धरा घडीभर, तुमाले कोण काय म्हणन. ते उठून बसले. म्हणे, कीर्तनकारानं पहारा करायची रीत नाही. मंग माह्या डोक्यावर हात ठेवला. "माउली, होणारं कोणाला चुकलं आहे? तुम्ही इथं बसा, नाम घ्या. मनाला बरं वाटेल."

मी बाहेर आली. पोरीच्या बापासमोर उभी राह्यली. त्याच्या डोळ्यातून पाणी चालू होतं, दाढीतून वीणेवर गळत होतं. आन तोंडात नाम. एकच वेळा त्यानं नाम थांबवलं. भोंग्यावर एकदम सामसूम झाली.

"माह्या बापाच्यानं तीन वर्षं गाव मेलं," तो म्हणे. "तीन वाजेपर्यंत थांब वं."

आन पुन्हा रामकृष्ण हरी.

तीनचा पहारा माह्या चुलत दिराचा होता, तो आपल्या वावरात फवारत होता. मंडपवाला मले म्हणे, भाबी, कोणतं वावर, दिशा सांगा. मी हात दाखवला. तो पळाला. चप्पल त्याची पायरीपाशीच राह्यली, ढेकळात, काट्यात तसाच गेला. पाऊण तासानं दिराले घेऊन आला. दोघाइची छाती भात्यासारखी चालू.

दीर देवळात चढून राह्यला होता, तर खांबापासचा म्हातारा म्हणे, अरे, आंगाले औषध हाय तुह्या, तशीच घेशील काय वीणा? मंग दीर देवळाच्या विहिरीवर गेला. कपडे काढले. दोन बादल्या डोक्यावर घेतल्या, माती लावून हात घासले, पुन्हा एक बादली घेतली. ओल्या पंचानं आला. मंग दोघं एकमेकाच्या पाया पडले. मंग वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात गेली.

त्या आंघोळीचा अर्थ मले पुढं दवाखान्यात समजला. नर्स मले इचारे, बाई, इचं आंग काहून नाई धुतलं? फवारा लागला का पहिले कपडे काढाचे असतात, साबण-पाण्यानं आंग धुवाचं असते, विष कातडीतून आत जाते. मले कोणी सांगतलं नव्हतं. विहीर दहा पावलावर होती. वीणेले विष लागू नये म्हणून माह्या दिरानं तीन बादल्या पाणी घेतलं, ते मी अ‍ॅपेपाशी उभी राहून पाह्यलं. माही पोरगी त्याच ओल्या कपड्यात पडली होती आन मी तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचं तोंड पुसून राह्यली होती. पदरानं. नुसतं तोंड.

अंजनगावात सुई देल्ली आन म्हणे अमरावतीले न्या. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं एकच इचारलं, का किती वेळ झाला. मी पोरीच्या बापाकडं पाह्यलं. पोरगी तीन दिवस राह्यली. शुद्धीवर आली नाई. एक तास आधी नेली असती तर वाचली असती का, हे मी कोणालेच इचारलं नाई. इचारलं असतं न कोणी हो म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं?

सप्त्याच्या सातव्या दिवशी सकाळी तिले घेऊन निंघालो. त्या दिवशी गावात काला होता. काला म्हणजे सप्त्याची समाप्ती, सारं गाव जेवते, बाजूच्या खेड्याचेही येतात. गावात मयत आलं का जोपर्यंत माती होत नाई तोपर्यंत चूल पेटत नाई, कोणी घास घेत नाई. आन तथी तर कढया उतरल्या होत्या. शिवेवर चार जाणते माणसं आमची वाट पाहत उभे होते. दवाखान्यातून दिराले कळवलं होतं, त्यानं सांगतलं असन. हात जोडून म्हणे, भाऊ, पंगती बसल्या हायत. तिसरी पंगत उठली का या. अजून तुमी आलेच नाई असं आमी समजतो.

मले वाटलं आता तरी हा माणूस काई बोलन. तो अ‍ॅपेतून उतरला. मले म्हणे, थांब जराशी, लोकाइच्या तोंडचा घास जाईन.

लिंबाखाली अ‍ॅपे उभा केला. मी आत पोरीपाशी बसून राह्यली. माशा हाकलत होती. भोंग्यावर सारं ऐकू येत होतं, बुंदी आणा, वरण इकडं फिरवा, कोणी राह्यलं असन तर बसून घ्या. मंडपवाल्याचा भोंगा चांगला होता, लांब ऐकू जाये. मधात कोणाचा तरी आवाज आला का यंदाच्या सप्त्यात दुपारच्या पहारेकऱ्यानं जी निष्ठा दाखवली ती गाव विसरणार नाई. टाळ्या झाल्या. पोरीचा बाप लिंबाच्या बुडाशी बसला होता. त्यानं ऐकलं. त्याचा चेहरा मी पाह्यला. तो निवलेला होता.

तिसरी पंगत उठली, मंग आमी गावात शिरलो.

पुढच्या वर्षी त्याले शाल-नारळ देल्लं. दुपारचा पहारा कायमचा आमच्या घराचा झाला. लोकं म्हणत, बापानं घालवलं ते पोरानं कमावलं. आन तो सुखात राह्यला. हे मी टोमणा म्हणून नाई सांगत. खरंच सुखात होता. सकाळी उठे, आंघोळ, हरिपाठ, दोन भाकरी खाये, रातच्याले झोपे. पोरीची आठवण काढे तर म्हणे, तिनं गावासाठी जीव देल्ला. त्याच्या मनात हिशोब असा पक्का बसला होता का त्यानं वीणा खाली ठेवली असती तर पुन्हा तीन वर्षं गाव मेलं असतं. एक पोरगी न एक गाव.

मले ते सुख नाई भेटलं. बाया म्हणत, तूही नाम घेत जा, मन हलकं होईन. मी घेऊन पाह्यलं. रामकृष्ण म्हटलं का मले भोंगा ऐकू येये. हरी म्हटलं का बादलीचा आवाज. निंदाले जाये तथी बरं वाटे, तथी गवत उपटाचं असते, बोलाचं नसते.

दहा-बारा वर्षं गेली. गावातले पोरं कोणी पुण्याले गेले, कोणी सुरतले कंपनीत. सप्त्याले माणसं पुरेनात. पोरीच्या बापाचे गुडघे गेले, उभं राहता येईना. तो आता त्याच खांबाले टेकून टाळ धरे, तो लकव्याचा म्हातारा केव्हाच मेला होता. मंग ज्या गावानं बाईच्या हाताले वीणा शिवू देल्ली नव्हती, तेच गाव माह्या दारात आलं. म्हणे, काकू, दुपारचा पहारा तुमच्याच घराचा हाय, तुमी उभ्या राहा.

मी हो म्हटलं. पोरीच्या बापाले लय आनंद झाला. म्हणे, तुह्याही मनाले आता शांती भेटन.

पहिल्या दिवशी उभी राह्यली. दुसऱ्या दिवशी उभी राह्यली. तिसऱ्या दिवशी दोन वाजता देवळात आमी दोघंच होतो. मी घड्याळाकडं पाह्यलं. नाम थांबवलं. गळ्यातून वीणा काढली आन त्याच्यासमोर भुईवर ठेवली. आपटली नाई. लेकरू निजवावं तशी ठेवली.

"पाहा," मी म्हटलं. "ठेवली."

तो खुरडत पुढं आला. "उचल वं. उचल, पाया पडतो तुह्या." त्याले स्वतःले हात लावाचा धीर होईना, सोवळ्यात नव्हता तो. मी रांजणापाशी गेली, गिलासभर पाणी घेतलं, सावकाश पेली. मंग वीणा उचलली, गळ्यात घातली आन पुन्हा नाम चालू केलं. कोणी पाह्यलं नाई. भोंगा त्या वर्षी दुपारचा बंदच ठेवत होते.

त्या वर्षी पाणी टायमावर आलं. अळी पडली नाई. पऱ्हाटी छातीएवढी झाली, एका झाडाले बोंडं मोजता येईनात. वेचून वेचून आमच्या घराच्या पुढच्या सपरीत कापसाचा ढीग लागला, पार आढ्याले टेकला. लोकं म्हणत, काकू, तुमचा पायगुण. पोरीचा बाप त्या कापसाकडं पाठ करून बसे. त्याच्यावर कधी हात ठेवला नाई त्यानं.

दिवाळीच्या आगं-मागं एक दिवस त्यानं इचारलं. मी भाकरी थापत होती. म्हणे, "तेव्हा ठेवली असती तर?"

मी म्हटलं, आता काहून इचारता. भाकरी खा.

त्यानं ती भाकरी खाल्ली नाई. पोटाची आग परत आली. झोप गेली. हरिपाठ सुटला. खाटेवर बसून, वीणा छेडे तो आपला उजवा हात पाहत राहे, उलटा करून, सुलटा करून. डॉक्टर म्हणे, काई रोग नाई. मले रोग ठाऊक होता, तो मीच लावला होता. सव्वा वर्ष काढलं त्यानं तसं, मंग गेला. शेवटी शेवटी मीच म्हणे, रामकृष्ण हरी म्हणा, बरं वाटन. तो तोंड मिटून घे.

मले वाटलं होतं, त्याचं सुख मोडलं का माह्या जिवाले थंडक भेटन. नाई भेटली. त्याच्या आंगातली शांती निंघाली ती माह्याकडं आली नाई, कुठी गेली कोणास ठाऊक. आन पंप तर मीच चढवला होता. चार ओळी मीच सांगतल्या होत्या. ते त्यानं मले कधी म्हटलं नाई. म्हणू शकत होता. शेवटपर्यंत नाई म्हटलं.

अजूनही दुपारचा पहारा मीच करते. पाय सुजतात, चालते. देव हाय का नाई, नामानं मन निवते का नाई, ते मले इचारू नका. माह्या घरी एका माणसाचं निवलं होतं, ते मी पाह्यलं, आन कशावर निवलं होतं तेही पाह्यलं.

जो कोणी हे वाचन त्याले माही एकच इनंती हाय. तुमच्या गावात सप्ता बसत असन तर यादी करताना एकेका पहाऱ्याले दोन नावं लिहा. एक जण उभा राहीन, एक जण बाजूले बसन. बसणारी बाई असली तरी चालते. आन कोणाले फवारा लागला तर पहिले कपडे काढा न आंग धुवा. मंग बाकीचं.